डास ऐकणारे मास्तर

आमच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक सर होते. त्यांना "कसं काय सर?" असं कोणी विचारत नसे. नवा माणूस एकदा विचारायचा. सर हातातलं काम थांबवायचे, मान वर करायचे आणि म्हणायचे, "नक्की कशाबद्दल?" त्यात टोमणा नसे, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे. तब्येतीबद्दल विचारलं तर तब्येतीचं सांगत, परीक्षेबद्दल विचारलं तर परीक्षेचं. नुसतं 'कसं काय' म्हटलं, तर समोरचा विषय सांगेपर्यंत ते तसेच बघत राहत. बहुतेक जण कसंनुसं हसून निघून जात. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे, त्यामुळे मला सवय झाली होती. पर्स टेबलावर ठेवता ठेवताच मी विचारायचे, "सर, आज पाण्याबद्दल काय?"

पाण्याबद्दल, कारण आम्ही दोघं एकाच गावचे. मालवणहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की समुद्राच्या अंगाला एक फाटा उतरतो, तिथे आमचं गाव आहे. खालची वाडी किनाऱ्याला, मधली वाडी चढावर आणि आमची वरची वाडी पार सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर. नळपाण्याची टाकीही सड्यावरच. लोकांना वाटायचं, टाकी यांच्या दारात म्हणजे यांची चंगळ. प्रत्यक्षात टाकी अर्ध्याच्या खाली गेली की आमच्या नळाला पाणी चढतच नसे. खालच्या वाडीला मात्र तळाचं पाणीही धो धो मिळायचं. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, नवरा नोकरीनिमित्त कणकवलीला. मार्च उजाडला की माझं सगळं डोकं एकाच गोष्टीत असे. आज येणार की नाही, आणि नाही आलं तर त्यांची चादर कशात भिजवायची.

मी मराठी शिकवते. विजेचं बटण आणि गॅसचं बटण यापलीकडे यंत्रांशी माझा संबंध नव्हता. तरी पुढचं सगळं मला नीट सांगता येतं, कारण ते सरांनी मला शिकवलं.

सर ख्रिश्चन, लग्न न केलेले. खालच्या वाडीत थोरल्या भावाच्या, इनासच्या घरी राहत. इनासने घराच्या पाठीमागे पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या. डायव्हिंगला येणारी मंडळी तिथे उतरत. सर जेवायला वहिनीच्या हातचं जेवत, झोपायला पडवीतल्या खोलीत, आणि मधल्या वेळात कुठेतरी उभे राहून काहीतरी ऐकत असत. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागला की गर्दीच्या मागे त्यांचा पांढरा शर्ट दिसायचाच. त्यांनी कधी एक बांगडा विकत घेतल्याचं कोणी पाहिलं नाही. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसत आणि गाण्याच्या वेळी तोंड मिटून राहत. एकदा फादरनी हटकलं तेव्हा म्हणाले, "गाणारे पुष्कळ आहेत फादर, ऐकणारे कमी पडतायत."

फोन मात्र त्यांना अजिबात खपायचा नाही. त्यांच्या फोनचा आवाज कायमचा बंद असे. ते म्हणायचे, "फोन म्हणजे कोणीतरी येऊन दार ठोठावणं. मला ऐकायचं असेल तेव्हा मी जाऊन ऐकेन." त्यांना निरोप द्यायचा तर माणूस पाठवावा लागे. प्राचार्य यावरून दर वर्षी वैतागायचे आणि दर वर्षी सोडून द्यायचे.

त्यांच्या शिकवण्याचा एक प्रसंग मी अजून विसरलेले नाही. माझा तास चालू होता, आणि शेजारच्या वर्गातून मुलं ओरडत होती, "मासे! बांगडो इलो!" थोड्या वेळाने, "पाऊस! कुडाळाक पडता!" मी खडू टाकून शेजारी गेले. एक मुलगा वर्गाच्या मधोमध खुर्चीवर उभा होता. त्याच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून काही मुलं बातम्या ओरडत होती. समोर बाकीची मुलं कागद घेऊन बसलेली. कोणी कागदावर 'मासे' लिहिलेलं, कोणी 'क्रिकेट', कोणी 'पाऊस'. मधला मुलगा माशांची बातमी फक्त मासेवाल्यांकडे पोचवत होता, पावसाची पाऊसवाल्यांकडे.

"हा दलाल," सर मला समजावू लागले. "ओरडणाऱ्यांना माहीत नाही कोण ऐकतंय. ऐकणाऱ्यांना माहीत नाही कोण ओरडतंय. दोघांनाही फक्त विषय माहीत आहे. यंत्रं एकमेकांशी अशी बोलतात, बाई."

कोपऱ्यात एक मुलगा डोकं धरून बसला होता.

"याला काय झालं?"

"त्याने सगळेच विषय मागितले," सर म्हणाले. "दमला."

"सर, माझ्या वर्गालाही 'बांगडो इलो' ऐकू येतंय."

त्यांनी माझ्याकडे प्रामाणिक आश्चर्याने पाहिलं. "पण तुम्ही तर विषय मागितला नव्हता."

मी परत माझ्या वर्गात गेले. अशा माणसाशी भांडायला अंगात वेगळी ताकद लागते, ती माझ्यात मार्च महिन्यात तरी नसायची.

आता टाकीवरच्या डब्याचं सांगायला हवं. मागे एका योजनेत कोणी कंपनीवाले आले आणि टाकीवर एक राखाडी डबा बसवून गेले. टाकीत पाणी किती आहे, आणि तिन्ही वाड्यांच्या पाइपांतून किती वाहतंय, ते हा डबा मोजणार आणि मोबाइलवर रंगीत काट्यांनी दाखवणार, असं सांगितलं. उद्घाटनाला पेढे वाटले. पुढे योजना संपली, कंपनी गेली, मोबाइलवरचे काटे गोठले. लोक डबा विसरून गेले. सर मात्र एकदा सहज टाकीवर चढले आणि त्यांना दिसलं, की डब्यावरचा बारीक हिरवा दिवा अजून लुकलुकतोय.

"बाई, तो बोलतोय," दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले. "इतके दिवस एकटाच बोलतोय."

त्यांनी ग्रामपंचायतीची लेखी परवानगी काढली आणि डब्याला नवा पत्ता शिकवला. प्रयोगशाळेत भंगारात काढलेला एक जुना कॉम्प्युटर होता, तो त्यांनी पुसून सुरू केला. डब्याची माणसं आता त्याच्याकडे निरोप धाडू लागली. डब्याची माणसं हा त्यांचाच शब्द, म्हणजे टाकीतलं मोजमाप करणारी ती यंत्रं. त्या जुन्या कॉम्प्युटरला सगळं कॉलेज 'दलाल' म्हणू लागलं. दसऱ्याला शिपाई त्यालाही झेंडूचा हार घालायचा.

निरोप ऐकायला रंगीत काटे कशाला, असं सरांचं म्हणणं होतं. ते लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडत आणि तिच्यात एक ओळ टाइप करत. ऐकायचा जो प्रोग्राम होता त्याचं नाव इंग्रजीत डासावरून ठेवलेलं, स्पेलिंगमध्ये एक 'टी' जास्त. ही गोष्ट शिपायाने गावात सांगितली आणि त्या दिवसापासून गाव म्हणू लागलं, "मास्तर डास आयकता." दुकानात, बसस्टॉपवर, लिलावाच्या गर्दीत. सरांनी कोणाला कधी दुरुस्त केलं नाही. म्हणायचे, नाव बरोबर आहे.

मला त्यांनी ते शिकवलं एका रिकाम्या तासाला. मी प्रयोगशाळेत नुसती बसायला गेले होते. पहाटेपासून नळाशी उभं राहून हंडाभर पाणी मिळालं होतं आणि स्टाफरूममधल्या गप्पा ऐकायची इच्छा नव्हती.

"टाइप करा," सर म्हणाले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

आधी डासाचं नाव. मग दलाल कुठे आहे ते. मग कशाबद्दल ऐकायचं ते, म्हणजे 'गाव', तिरकी रेघ, आणि पुढे ते जाळीसारखं हॅशचं चिन्ह. हॅश म्हणजे गावाखालचं सगळं. शेवटी एक लहान 'व्ही', म्हणजे नुसता आकडा न येता तो कशाचा आहे तेही दिसतं. एवढं करून मी एंटर दाबलं.

काहीच झालं नाही. काळ्या खिडकीत कोपऱ्यात एक पांढरा ठोकळा तेवढा होता.

"चुकलं माझं काहीतरी."

"नाही. आता आपण ऐकतोय."

"मग करू काय?"

"काही नाही."

आम्ही बसून राहिलो. बाहेर काजूच्या झाडाखाली मुलं क्रिकेट खेळत होती. मग अचानक एक ओळ उमटली. गाव, टाकी, पातळी आणि पुढे आकडा. तिच्याखाली वरची वाडी, शून्य. मधली वाडी, शून्य. खालची वाडी, शून्य. वॉल्व्ह बंद असायची वेळ होती, त्यामुळे सगळं बरोबर होतं. काही वेळाने पुन्हा त्याच ओळी. पुन्हा तेच शून्य.

मला ते इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. दिवसभर मी ज्यांच्याशी बोलायचे त्या प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवं असे. सासूबाईंना पाणी, मुलांना मार्क, प्राचार्यांना अहवाल. या काळ्या खिडकीला माझ्याकडून काही नको होतं. ती सांगायची आणि गप्प बसायची. त्यानंतर मी रिकाम्या तासाला तिथे जाऊन बसू लागले. थांबवायचं असेल तर कंट्रोल आणि सी एकत्र दाबायचे, हेही सरांनी शिकवलं होतं, पण मी कधी दाबत नसे. घंटा झाली की तसंच सोडून उठायचे.

त्या उन्हाळ्यात पाण्याची फारच टंचाई झाली. आमच्या वाडीला आठवडा आठवडा थेंब मिळेना. टँकर यायचा, त्याभोवती भांडणं व्हायची. जिच्याबरोबर मी वर्षानुवर्षं कुळथाच्या पिठीची देवघेव केली त्या शेजारणीने एकदा माझी कळशी लाथेने बाजूला सारली. नंतर ती रडत घरी आली आणि मीही रडले. पाणी मात्र दोघींकडेही नव्हतं.

गावाने दोष दिला बाळाला. बाळा हा ग्रामपंचायतीचा पाणीवाला. वॉल्व्ह उघडायची लांब लोखंडी चावी त्याच्या खांद्यावर असायची. तो खालच्या वाडीतल्या हॉटेलवाल्यांना गुपचूप पाणी सोडतो, असं आमच्या वाडीत बोललं जाऊ लागलं. मग ते तक्रारअर्जात लिहिलं गेलं. त्यावर माझीही सही मागायला बायका आल्या. मी म्हटलं, आधी खात्री करते.

खात्री व्हायला फार दिवस लागले नाहीत. कॉलेज सुटलं होतं, दुपारचं जेवण करून सगळं गाव आडवं झालेलं. मी आणि सर प्रयोगशाळेत होतो. पेपर तपासता तपासता माझी नजर खिडकीकडे गेली. खालची वाडी, शून्य. खालची वाडी, शून्य. मग खालची वाडी, आणि शून्याच्या जागी मोठा आकडा.

"सर."

त्यांनी वाचलं. पुढची ओळ येईपर्यंत थांबले. आकडा तोच होता, आणि टाकीची पातळी उतरली होती. त्यांनी लॅपटॉप मिटला नाही, टोपी घेतली नाही, तसेच बाहेर पडले. मी त्यांच्यामागे निघाले. कॉलेज सड्याच्या कडेलाच आहे, टाकी तिथून चालत जाण्यासारखी. कातळ तापून पायाला चटके बसत होते. माझ्या डोक्यात बाळाच्या तीन मुली होत्या. तिघीही माझ्या विद्यार्थिनी.

टाकीच्या सावलीत, वॉल्व्हच्या खड्ड्याशेजारी एका चिऱ्यावर इनास बसला होता. मांडीवर जुनी गंजलेली चावी. पूर्वी तो पाणी कमिटीवर होता, तेव्हाची त्याच्याकडे राहिलेली असणार. सरांना बघून तो दचकला नाही. नुसता थकल्यासारखा दिसला.

"इलंस?" तो म्हणाला.

"वॉल बंद कर," सर म्हणाले.

"करतंय. जरा थांब."

"आत्ताच कर, इनास."

इनासने माझ्याकडे पाहिलं. मग तो उठला, चावी खड्ड्यात घातली आणि दोन्ही हातांनी फिरवली. वयस्क माणूस, त्याला जोर लागत होता. सरांनी पुढे होऊन हात लावला, आणि दोघा भावांनी मिळून तो वॉल्व्ह बंद केला. इनास चावी खांद्यावर घेऊन उतारावरून निघून गेला. वळून बघितलं नाही.

परत येताना मी विचारलं, "आता?"

कॉलेजचं फाटक आलं तेव्हा सर म्हणाले, "मी त्या घरी जेवतो, बाई."

ग्रामसभा लागली ती बाळाला काढायच्या ठरावासाठीच. तोवर सर रोज कॉलेजात यायचे, शिकवायचे, काळी खिडकी उघडून बसायचे. दुपारचा आकडा पुन्हा शून्याच्या वर गेला नाही. मी त्यांना काही विचारलं नाही. भावाचं नाव घ्यायचं की नाही, हे कोणी दुसऱ्याने सांगायचं नसतं. मी मनाशी एवढंच ठरवलं होतं, की बाळाला काढायची वेळ आली तर मी उठून सांगेन.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. खालच्या वाडीतले खोल्यावाले एका बाजूला, आमची वाडी दुसऱ्या बाजूला. इनास दाराशी उभा होता. सरपंच बाईंनी तक्रारअर्ज वाचला. बाळा समोर हात बांधून उभा.

"मी उघडूक नाय," तो एवढंच म्हणाला.

"मगे पाणी काय चलान जाता?" आमच्या वाडीतलं कोणीतरी म्हणालं.

सर उठले. त्यांना सभेत बोलताना कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे हॉल आपोआप शांत झाला.

"दुपारी पाणी जात होतं हे खरं आहे," ते म्हणाले. "मी ते ऐकलेलं आहे. पण बाळाने सोडलेलं नाही."

"तुमचो डास सांगता काय तसा?" मागून एकजण म्हणाला, आणि दोन्ही बाजूंचे लोक हसले. त्या दिवसांत पहिल्यांदाच दोन्ही वाड्या एकत्र हसल्या असतील.

"डास एवढंच सांगतो की पाणी गेलं," सर म्हणाले. "कोणी सोडलं ते मी जाऊन पाहिलं."

"कोणी?" सरपंच बाईंनी विचारलं.

"माझ्या भावाने."

मीही उठले आणि म्हटलं, "मी सरांबरोबर होते. मीही पाहिलं."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मला वाटलं, इनास आता ओरडेल, किंवा निघून जाईल. तो तिथेच राहिला. म्हणाला, "खरा आसा. बाळ्याक काडू नका. चावी माझ्याकडे आसा, उद्या आणून देतंय."

यापुढे काय व्हायला हवं होतं ते मला माहीत नाही. मनात कुठेतरी मला वाटत होतं की आता सगळं सरळ होईल. बाळाची नोकरी राहिली, एवढं खरं. पण इनासने वॉल्व्ह उघडला की पाणी त्याच्या एकट्याच्या घरी जात नव्हतं, खालच्या वाडीतल्या प्रत्येक खोल्यावाल्याची साठवणटाकी भरत होती. ती सगळी मंडळी गप्प बसली होती. आता त्यांना कंठ फुटला. यंत्राचा काय भरवसा, घराघरांत भांडणं लावणारी वस्तू गावात कशाला, असं सुरू झालं. आमच्या वाडीतलेही काही त्याला मान हलवू लागले. डबा दुरुस्तीसाठी काढून ठेवावा, असं ठरलं. तो नादुरुस्त नव्हता. काढला, आणि ग्रामपंचायतीच्या कपाटात गेला. चावी आली, दुपारचं पाणी बंद झालं, तरी आमच्या नळाला कधी येई, कधी नाही. मुळात टाकी जिथून भरायची त्या नदीकाठच्या विहिरीलाच पाणी कमी होतं.

सर प्रयोगशाळेत तशीच काळी खिडकी उघडून बसत. तिच्यात आता काही येत नसे.

"सर, बंद करू का?" एकदा मी विचारलं.

"राहिलंच," ते म्हणाले आणि स्वतःच दोन बटणं दाबली.

सभेनंतर काही दिवसांनी त्यांची वहिनी आमच्याकडे आली. सासूबाईंना बघायला आले म्हणाली. केळीच्या पानात बांधून तळलेले बोंबील आणले होते. सासूबाईंशी बोलून झाल्यावर स्वयंपाकघरात माझ्याजवळ खाली बसली.

"टीचर, तुमी तेच्या बाजूक बसतास म्हणान सांगतंय," ती म्हणाली. "आमच्या बायचा पाणी खारा झाला. गेल्या वरसापासून. पावणे च्याय तोंडाक लावतत आणि ठेवतत. हेणी कोणाक सांगूक नाय. लाज वाटता तेंका. खोल्यो बांदल्यो आणि बाय खारी झाली, लोक हसतीत."

"विहीर खारी झाली हे सरांनाही सांगितलं नाही?"

"सांगलंय मा. जेवताना मी दर रोज सांगतंय. भावजी, पाणी खारा लागता मा? तर हां म्हणता आणि तेच्या त्या काळ्या पाटयेत बगता." तिने पदराने तोंड पुसलं. "गावाचा सगळा आयकता तो. माजा आयकूक नाय."

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना जसंच्या तसं सांगितलं.

"कधी सांगत होती?" त्यांनी विचारलं.

"जेवताना. रोज."

"रोज?"

"असं त्या म्हणाल्या."

त्यांनी चष्मा काढला, तो पुसला नाही, नुसताच हातात धरला. "माका कळाकच नाय," ते म्हणाले. कॉलेजात इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून मालवणी ऐकली ती तेवढीच. मग तासाची घंटा झाली आणि ते वर्गावर गेले.

घरात काय चाललं होतं ते मला बाहेरूनच कळत होतं. इनासने त्यांना घराबाहेर काढलं नाही. ताट वाढलं जाई. फक्त भाऊ भावाशी बोलत नव्हता. पर्यटकांची पाटी उतरली होती. पुतण्या गोव्यात एका हॉटेलात कामाला लागला. सर लिलावालाही दिसेनासे झाले. त्याच वर्षअखेरीला ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाला आले नाहीत, आणि त्यांचा फोन लागायचा प्रश्नच नव्हता. शाल आणि नारळ स्टाफरूमच्या कपाटात पडून राहिले. शेवटी प्राचार्य म्हणाले, "बाई, तुमचंच गाव. तुम्हीच द्या."

मी गेले तेव्हा दुपार टळत आली होती. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. सर टेबलाशी बसले होते, समोर काही नव्हतं, लॅपटॉप नाही, पुस्तक नाही. वहिनी चुलीपाशी मासे साफ करत होती आणि बोलत होती. मला बघून तिने मानेनेच बसायला सांगितलं आणि बोलणं चालू ठेवलं. विषय शेजारच्या कोंबड्यांचा होता. कोणाची कोंबडी कोणाच्या परड्यात अंडं घालते, त्यावरून काय बोलणं झालं, मग ती कोंबडी खुडूक होऊन कधी बसली. कोणालाही कंटाळा येईल अशी ती हकिकत होती. सर तिच्याकडे तोंड करून बसले होते. ती श्वास घ्यायला थांबली की ते म्हणायचे, "मगे?" आणि ती पुढे सांगायची.

मी शाल टेबलावर ठेवली. सरांनी तिच्यावर हात ठेवला, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि पुन्हा वहिनीकडे वळले, कारण कोंबडीची गोष्ट संपली नव्हती.

तेवढ्यात इनास बाहेरून आला. डोक्यावरचा टॉवेल काढून खुंटीला लावला, हात धुतले, मला म्हणाला, "टीचर, बरी आसास मा?" आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मग बायकोला विचारलं, "तो जेवलो?"

सर त्याच्यापासून हातभरावर बसले होते.

"तेकाच इचार," वहिनी सुरीवरची नजर न काढता म्हणाली.

बाहेर कुठेतरी होडीचं इंजिन सुरू होऊन बंद पडलं. इनासने टेबलावरचा भाताचं एक सुकं शीत बोटाने खरवडलं.

"जेवलंस?" त्याने विचारलं.

"नाय," सर म्हणाले. "तुजी वाट बगतंय."

वहिनी उठली, हात धुतले आणि ताटं घेऊ लागली. मलाही बस म्हणाली. मी नको म्हटलं. आमच्या वाडीत पाणी सोडायची ती वेळ होती, आणि आलं तर नळाशी कोणीतरी असायला हवं होतं.